भांडी कार्यालयाची होती

तुळशीची लग्नं लागली की आमच्या धंद्यात दोन महिने धड जेवायला वेळ मिळत नाही. सांगलीत खणभागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांची प्रमाणपत्रं, बिलबुकं. मांडणी आमची, छपाई बाहेरून. २०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार मुलीच्या पत्रिकेचं तिसरं प्रूफ बघायला सकाळी येणार होते. आदल्या रात्री साडेनऊला मी इंकस्केपच्या, म्हणजे पत्रिका मांडायच्या प्रोग्रॅमच्या, चिन्हावर क्लिक केलं. चक्र फिरलं, थांबलं, पुढं काही नाही.

परत क्लिक केलं. परत तेच. चूक झाली म्हणावं तर तसंही काही म्हणेना. विंडोजवर निदान एक खोकं तरी यायचं, त्यात न कळणारं का होईना काहीतरी लिहिलेलं असायचं. इथं म्हणजे दार वाजवावं, आतून कुणी दिवा लावावा आणि लगेच घालवावा, असला प्रकार.

हे यंत्र विंडोज सोडून लिनक्सवर, म्हणजे दुसऱ्या एका फुकट प्रणालीवर, कसं आलं ते आधी सांगतो. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, दोन्ही संगणक गेले. मग पुण्याहून वापरलेला एक आणला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. सहा वर्षं त्यानं तक्रार केली नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ ला किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमचं यंत्र दारातच अडलं. दिवाळीला भाचा आला होता, त्यानं दोन दिवस बसून डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. डेबियनचं कसं, एकदा आवृत्ती निघाली की साधारण दोन वर्षं तिच्या भांडारातले प्रोग्रॅम जागचे हलत नाहीत. पाया म्हणून ते चांगलं, पण कामाचे प्रोग्रॅम ताजे हवेत. म्हणून इंकस्केप, गिंप (फोटोंसाठी), स्क्रायबस (पानांच्या मांडणीसाठी), लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स त्यानं फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डेबियनच्या भांडाराबाहेरून प्रोग्रॅम आणायच्या सोयीतून, टाकले. जाताना म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त चिन्हावर क्लिक करायचं. आत कुठं जाऊ नका."

आता चिन्हच गप्प बसलं तर माणसानं करावं काय?

मी बाकीची चिन्हं दाबून बघितली. लिब्रेऑफिस उघडलं. स्क्रायबस उघडलं. गिंप नाही. फायरफॉक्स उघडला. म्हणजे पाचातले दोनच मेले होते, आणि ते दोन का, हे मला सांगता येईना. भाच्याला फोन लावला.

"दिवसभरात काय केलंत?"

"काही नाही."

दुरुस्तीवाल्याला गिऱ्हाईक पहिल्यांदा नेहमी हेच सांगतं. भाच्यालाही ते माहीत असावं, कारण तो त्यावर काही बोलला नाही. "टर्मिनल उघडा. चिन्हावरून उघडलं की प्रोग्रॅमची बडबड कुठंतरी नोंदवहीत जाते, तुम्हाला दिसत नाही. टर्मिनलमधून उघडलं की तो तुमच्या तोंडावर बोलतो."

काळी खिडकी उघडली. त्यानं सांगितलं तसं 'फ्लॅटपॅक' टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं 'ितोूजोक'. पत्रिकेचा मजकूर घालत होतो, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवरच राहिला होता. टर्मिनलनं इमानदारीत सांगितलं, असली आज्ञा सापडली नाही. तेवढ्या गडबडीतही मला हसू आलं. (या लेखात आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, पण टाइप करताना अक्षरं इंग्रजी आणि कीबोर्डही इंग्रजीच ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको, मला सांगावं लागलं होतं.)

मग 'फ्लॅटपॅक लिस्ट' आणि पुढं दोन आडव्या रेघा देऊन 'ॲप'. पाच नावं आली. प्रत्येक प्रोग्रॅमला एक साधं नाव आणि एक लांब नाव. चालवायला लांब नावच लागतं. इंकस्केपचं नाव 'ऑर्ग डॉट इंकस्केप डॉट इंकस्केप', गिंपचं 'ऑर्ग डॉट गिंप डॉट गिंप', स्क्रायबसचं मात्र 'नेट'पासून सुरू. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो घर, गल्ली, गाव, जिल्हा असा. इथं उलटा, आधी जिल्हा आणि शेवटी घर. त्या प्रोग्रॅमच्या संकेतस्थळाचं नाव मागून पुढं वाचायचं आणि शेवटी त्याचं स्वतःचं नाव जोडायचं, एवढीच युक्ती. आणि शेवटच्या नावात मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. इंकस्केपचा फक्त आय मोठा, गिंपची चारही अक्षरं मोठी. मी पहिल्यांदा सगळं लहान लिहिलं तर 'इन्स्टॉल केलेलं नाही' असं उत्तर आलं आणि माझ्या पोटात गोळा. भाचा म्हणाला, "चार अक्षरं लिहून टॅब दाबा, पुढचं तो भरेल." खरंच भरलं.

'फ्लॅटपॅक रन', पुढं ते लांब नाव, एंटर.

एक ओळ आली. फक्त एक. 'एरर', मग 'रनटाइम', तिरकी रेघ, 'ऑर्ग डॉट नोम डॉट प्लॅटफॉर्म', पुढं आवृत्तीचा आकडा, आणि शेवटी 'नॉट इन्स्टॉल्ड'.

मी ती फोनवर वाचून दाखवली. दोन सेकंद शांतता. "मामा, हे कुणी काढलं?"

आता खरं सांगणं भाग होतं. दुपारी डिस्क भरत आल्याची सूचना आली होती. एकशेवीस जीबीची डिस्क, गिऱ्हाइकांचे फोटो, जुनी कामं. मी एक व्हिडिओ बघून त्यातल्या दोन आज्ञा जशाच्या तशा उतरवल्या. यादी काढली तर आपण कधी न मागितलेली नावं दिसली. नोम प्लॅटफॉर्म, केडीई प्लॅटफॉर्म, फ्रीडेस्कटॉप प्लॅटफॉर्म. जागाही बरीच खात होती. मी म्हटलं, हे कोण पाहुणे? पहिल्यालाच बाहेर काढायची आज्ञा दिली. त्यानं काहीतरी चार ओळी लिहून विचारलं, खरंच काढू का? मी वाय दाबला. पासवर्ड मागितला, तोही दिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून बाकीचे दोघं वाचले.

भाच्यानं समजावलं ते त्याच्या भाषेत. मला कळलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण माझं निम्मं आयुष्य मंगल कार्यालयांची नावं टाइप करण्यात गेलंय. फ्लॅटपॅकमधला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक आचारी. तो स्वतःचा मसाला, स्वतःची खास चार भांडी घेऊन येतो. पण मोठी पातेली, पराती, शेगड्या कार्यालयाच्या. त्या प्रत्येकानं घरून आणायच्या नसतात. एकच संच, त्यावर चार आचारी स्वयंपाक करतात. तो संच म्हणजे रनटाइम. इंकस्केप आणि गिंप हे दोघं नोमच्या भांड्यांवर शिजवतात, स्क्रायबस केडीईच्या आणि लिब्रेऑफिस, फायरफॉक्स फ्रीडेस्कटॉपच्या. मी दुपारी कार्यालयात शिरून 'ही पातेली कुणाची, आपल्या घरची तर नाहीत' असं म्हणून भंगारवाल्याला दिली होती. रात्री आचारी आला, शेगडी बघितली आणि न बोलता घरी गेला. पाचातले दोनच का मेले याचं उत्तरही त्यातच होतं.

आणि वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. भाचा म्हणाला, काढण्याआधी त्यानं विचारलं तेव्हा वरच्या ओळींत लिहिलेलं असतं, की हा रनटाइम अमुक अमुक प्रोग्रॅम वापरतायत. म्हणजे मला नावानिशी सांगितलं होतं, इंकस्केप आणि गिंप. मी वाचलं नाही. पत्रिकेवर एक वेलांटी चुकली तर गिऱ्हाइकाला 'वाचून सही केलीत ना' म्हणणारा मी.

रात्री दहा वाजता मोबाइलच्या नेटवर तो रनटाइम परत ओढायला घेतला. 'फ्लॅटपॅक इन्स्टॉल फ्लॅटहब' (फ्लॅटहब म्हणजे हे प्रोग्रॅम जिथून येतात ते नेटवरचं भांडार), पुढं रनटाइमचं नाव, मग दोन तिरक्या रेघा आणि एररमध्ये आला होता तोच आवृत्तीचा आकडा. आकडा तोच हवा. नवीन आवृत्ती दिली तर ती वेगळी भांडी, आचाऱ्याला चालत नाहीत. पाऊण तास लागला. तोवर बायकोचा दोनदा फोन. अकराच्या आत परत 'फ्लॅटपॅक रन' मारलं, टर्मिनलमध्ये दोन-चार कुरकुरीच्या ओळी आल्या आणि इंकस्केप उघडलं. त्या कुरकुरींनी मी दचकलो, पण भाचा म्हणाला की त्या रोजच्याच असतात, चिन्हावरून उघडताना आपल्याला दिसत नव्हत्या एवढंच. चांगली चालणारी गाडीही आवाज करतेच की.

जागेचं म्हणाल तर त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल' आणि पुढं दोन रेघा देऊन 'अनयूज्ड'. कुठलाच प्रोग्रॅम वापरत नाही असे रनटाइम तेवढे ती काढते. अपडेटनंतर जुन्या आवृत्त्या मागं राहतात, त्या यात जातात. खरी जागा मात्र डाउनलोडच्या फोल्डरनं खाल्ली होती. गिऱ्हाइकांनी पाठवलेले प्री-वेडिंगचे व्हिडिओ. मला फक्त एक फोटो हवा असतो, लोक अख्खा व्हिडिओ पाठवतात.

सकाळी बागायतदार आले. बरोबर त्यांचे थोरले बंधू आणि नवरीचा मामा. या तिघांपुढं मी पीडीएफ मोठ्या पडद्यावर दाखवायला गेलो. माझी सगळी कामं दुसऱ्या डिस्कवर, 'एमएनटी'च्या आत 'काम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. रात्रीच्या यशानं अंगात वारं शिरलेलं, म्हणून मी रुबाबात टर्मिनल उघडलं, 'फ्लॅटपॅक रन', फायरफॉक्सचं लांब नाव आणि पुढं पीडीएफचा पत्ता. फायरफॉक्स उघडला आणि म्हणाला, फाइल सापडली नाही. फाइल तर समोर दिसत होती! नवरीच्या मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मुकाट लिब्रेऑफिसमध्ये उघडून वेळ निभावली. ('चि. सौ. कां.' मधला 'कां' वरचा अनुस्वार त्यांनीच पकडला, तिसऱ्या प्रुफात. असो.)

संध्याकाळी कळलं ते असं. फ्लॅटपॅकमधला प्रोग्रॅम एका कुंपणात चालतो. ते कुंपण घालणाऱ्या हत्याराचं नाव बबलरॅप, काचेच्या वस्तूंना गुंडाळतात ना फुगेवाला प्लॅस्टिक कागद, तेच. कुंपणाच्या बाहेरचं काय दिसू द्यायचं ते प्रत्येक प्रोग्रॅमच्या परवानगीत लिहिलेलं असतं. इंकस्केपला जवळजवळ सगळ्या फाइली दिसतात. फायरफॉक्सला मात्र डाउनलोडचं फोल्डर सोडून तुमच्या फाइली सहसा दिसत नाहीत, आणि ब्राउझरच्या बाबतीत ते शहाणपणाचंच आहे. दिवसभर कुणाकुणाच्या दारात जाऊन येतो तो. खिडकीतून 'फाइल उघडा' म्हणून निवडली तर ती एक फाइल त्याला मधल्या झरोक्यातून दिली जाते. पण टर्मिनलवर नुसता पत्ता लिहून दिला तर कुंपणाच्या आत तो पत्ताच अस्तित्वात नसतो. 'फ्लॅटपॅक इन्फो', दोन रेघा देऊन 'शो-परमिशन्स' आणि प्रोग्रॅमचं नाव दिलं की कुणाला काय दिसतं ते वाचता येतं.

उपाय टर्मिनलमध्येच आहे. 'रन'नंतर दोन रेघा, 'फाइलसिस्टिम', बरोबरचं चिन्ह, फोल्डरचा पत्ता, आणि शेवटी विसर्गासारखं चिन्ह देऊन 'आरओ', म्हणजे फक्त वाचायची परवानगी. ही परवानगी तेवढ्या वेळेपुरती, प्रोग्रॅम बंद केला की संपली. कायमची द्यायची तर 'फ्लॅटपॅक ओव्हरराइड'. मी कायमची दिली नाही.

हे मला पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नका. आधी मी परवानगी ओळीच्या शेवटी लिहिली. तसं चालत नाही. प्रोग्रॅमच्या नावाच्या आधी जे लिहाल ते फ्लॅटपॅकला सांगितलं जातं, नंतर जे लिहाल ते प्रोग्रॅमला. वॉचमनला सांगायचं ते आपण आचाऱ्याला सांगत बसलो तर तो काय करणार? हे एक कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. दुसरी चूक म्हणजे फायरफॉक्स आधीच उघडा होता. नवीन आज्ञा दिली तरी फाइल जुन्या, चालू असलेल्या खिडकीकडंच गेली, आणि तिला नवी परवानगी नव्हती. आधी पूर्ण बंद करायचा, मग चालवायचा. काय काय चालू आहे ते 'फ्लॅटपॅक पीएस' सांगतं, आणि एखादा अडूनच बसला तर 'फ्लॅटपॅक किल'.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम आलं. दोनशेच्या वर प्रमाणपत्रं, प्रत्येकावर वेगळं नाव. पूर्वी मी नाव टाइप करायचो, पीडीएफ काढायचो, पुढचं नाव. एक अख्खी दुपार आणि मान. इंकस्केपची एसव्हीजी फाइल आतून साधा मजकूरच असते, हे भाच्याकडून कळलं; त्यानं नावांच्या यादीवरून फाइली तयार करणारी छोटी स्क्रिप्ट पाठवली. पुढचं मी स्वतः केलं. 'फ्लॅटपॅक रन', इंकस्केपचं नाव, आणि नावाच्या नंतर (नंतर!) 'एक्सपोर्ट-टाइप'मध्ये पीडीएफ, 'एक्सपोर्ट-टेक्स्ट-टू-पाथ', आणि शेवटी तारा-चिन्ह देऊन त्या फोल्डरमधल्या सगळ्या एसव्हीजी. त्या मधल्या पर्यायानं अक्षरांच्या आकृत्या होतात, म्हणजे प्रेसच्या यंत्रावर आपला फॉन्ट नसला तरी काना-मात्रा हलत नाहीत. एंटर दाबलं. खिडकी उघडलीच नाही, आणि फोल्डरमध्ये एकेक करून पीडीएफ पडायला लागल्या. मी भडंगाचं पाकीट फोडून बघत बसलो. पाकीट संपायच्या आधी काम संपलं.

त्याच सुमारास एका जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडली तर गणपतीच्या खाली नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. फॉन्ट सापडला नाही की खाली दडलेली इंग्रजी अक्षरं वर येतात. फॉन्ट मी आणल्याचं मला पक्कं आठवत होतं. पूर्वी असतो तर तासभर स्वतःशी भांडलो असतो. आता 'रन'नंतर दोन रेघा देऊन 'कमांड' बरोबर 'एफसी-लिस्ट' आणि मग इंकस्केपचं नाव. असं केलं की इंकस्केप उघडत नाही, त्याच्या कुंपणात शिरून फॉन्टांची यादी तेवढी निघते. संगणकावर काय आहे ते नव्हे, त्या प्रोग्रॅमला काय दिसतं ते. यादीत तो फॉन्ट नव्हता. तो जुन्या डिस्कवरच राहिला होता, मी आणल्याचं स्वप्न बघितलं असणार. घरच्या फोल्डरमधल्या फॉन्टांच्या जागी टाकला, इंकस्केप बंद करून परत चालवलं, खिचडीची 'श्री गजानन प्रसन्न' झाली.

अजून एक करून ठेवलंय. ऐन लगीनसराईत मला नवी आवृत्ती नको असते. चांगली असेल, पण जानेवारीत पत्रिका पाचशे आणि डोकं एक. 'फ्लॅटपॅक मास्क' आणि इंकस्केपचं नाव. तेवढं एक अपडेटमधून वगळलं जातं. लग्नं आटोपली की तीच आज्ञा 'रिमूव्ह'सह द्यायची. भाच्याला हे फारसं आवडलेलं नाही, अपडेट अडवू नयेत म्हणतो. त्याचं खरं असेल. पण काउंटरवर तो नसतो.

परवा डिस्क पुन्हा भरत आली. दुकानात कामाला येणाऱ्या मुलीला म्हटलं, बघ जरा काय काढता येतंय. मी पलीकडं कागद कापत होतो. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "काका, हे केडीई प्लॅटफॉर्म काढू का?" मी कटर तसाच सोडून उठलो. तोवर ती स्वतःच पुढचं वाचत होती. "विचारतंय खरंच काढू का म्हणून. पण वर स्क्रायबसचं नाव लिहिलंय. मग नकोच ना?" आणि तिनं एन दाबला.